वर्ड फाईलमध्ये सहीची प्रतिमा कशी घालावी आणि ती कुठे चालत नाही

कागदावर केलेली सही एकदा स्कॅन करून किंवा फोनने तिचा फोटो काढून संगणकात ठेवली, की ती पत्र, सूचना, प्रमाणपत्र अशा कोणत्याही फाईलमध्ये चित्रासारखी घालता येते. फाईलची प्रिंट काढायची, तिच्यावर सही करायची आणि पुन्हा स्कॅन करून पाठवायची, हा फेरा त्यामुळे वाचतो. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला ६० सभासदांना सभेची सूचना पाठवायची असते, मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनाची २०० प्रमाणपत्रे द्यायची असतात, तर छोट्या व्यावसायिकाला रोज चार-पाच कोटेशन पाठवायची असतात. अशा सर्वांच्या ही सोय कामाची आहे.

मात्र अशी सही म्हणजे सहीचे चित्र असते, हे विसरून चालत नाही. जे चित्र फाईलमध्ये सहज घालता येते, ते दुसऱ्या कोणालाही त्या फाईलमधून तितक्याच सहज काढून घेता येते. त्यामुळे सही कशी घालायची याबरोबरच फाईल कोणत्या स्वरूपात बाहेर पाठवायची आणि कोणत्या कागदावर ही सही अजिबात वापरायची नाही, हेही माहीत असावे लागते.

सहीची चांगली प्रतिमा कशी तयार करावी

सही कोऱ्या, बिनरेघी पांढऱ्या कागदावर करावी. पेन काळ्या किंवा गडद निळ्या शाईचे असावे. फिकट बॉलपेनची रेघ फोटोत तुटक येते. जेलपेनची ठळक येते. एकाच कागदावर पाच-सहा सह्या करून त्यांतली नेहमीसारखी आलेली एक निवडावी. मुद्दाम सावकाश, कोरून काढलेली सही बँकेतील किंवा इतर नोंदींतील सहीशी जुळेलच असे नाही.

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करावे. फोनने फोटो काढताना कागद खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात ठेवावा, फोन कागदाच्या बरोबर वर आडवा धरावा आणि हाताची सावली पडू देऊ नये. फोनमधील स्कॅनर ॲपमध्ये कृष्णधवल फिल्टर असतो. तो वापरला तर कागदाचा करडेपणा बराच कमी होतो.

नंतर सहीभोवतीचा जास्तीचा भाग कापून टाकावा. हे काम फोनच्या गॅलरीत किंवा संगणकावरील साध्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे वर्डमध्ये नेण्याआधीच करावे. त्याचे कारण पुढे येते.

छापील पत्रावर सही साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २ इंच रुंद असते. ३०० डीपीआयने ती स्पष्ट छापायची तर प्रतिमा जवळपास ६०० पिक्सेल रुंद हवी. ऑनलाइन अर्जांसाठी केलेली सही इथे उपयोगी पडत नाही. उदाहरणार्थ, आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षांच्या अर्जासाठी १४० × ६० पिक्सेल मापाची आणि १० ते २० केबी आकाराची सही मागितली जाते. तीच प्रतिमा पत्रावर ५ सेंटिमीटर रुंद केली तर इंचाला जेमतेम ७० ठिपके मिळतात आणि सहीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. म्हणून मोठी मूळ प्रतिमा वेगळी जपून ठेवावी आणि अर्जासाठी तिची लहान प्रत करावी.

सहीमागचा पांढरा चौकोन कसा घालवावा

फोटो साधारणपणे जेपीजी स्वरूपात साठवला जातो. या स्वरूपात पारदर्शक भाग ठेवता येत नाही. त्यामुळे सही छापील नावावर किंवा शिक्क्यावर ठेवली, की तिच्यामागचा पांढरा चौकोन खालचा मजकूर झाकतो. पीएनजी स्वरूपात मात्र पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते.

यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. संगणकावरील मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये पुढील क्रमाने हे काम होते.

१. सहीची प्रतिमा फाईलमध्ये घेऊन तिच्यावर क्लिक करावे. वर 'पिक्चर फॉरमॅट' हा टॅब दिसू लागतो.

२. 'करेक्शन्स'मध्ये जाऊन ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवावा. ब्राइटनेस २० टक्के आणि कॉन्ट्रास्ट ४० टक्के ही जोडी बहुतेक वेळा पुरते. कागदाचा करडा रंग पांढरा होतो आणि शाई गडद होते.

३. प्रतिमेवर राइट क्लिक करून 'सेव्ह ॲज पिक्चर' निवडावे आणि ती पीएनजी स्वरूपात साठवावी.

४. साठवलेली ही प्रतिमा पुन्हा फाईलमध्ये घ्यावी. 'पिक्चर फॉरमॅट'मधील 'कलर' या पर्यायाखाली 'सेट ट्रान्सपरंट कलर' असते. ते निवडून सहीमागच्या पांढऱ्या भागावर एकदा क्लिक करावे. पांढरा रंग नाहीसा होतो. ही प्रतिमाही पीएनजी म्हणून साठवावी.

दुसरी आणि तिसरी पायरी गाळली तर सहीभोवती ठिपके राहतात. 'सेट ट्रान्सपरंट कलर' ही सोय एका वेळी एकच रंग काढते, आणि फोटोतला कागद डोळ्यांना पांढरा दिसला तरी त्यात पांढऱ्या-करड्याच्या अनेक छटा असतात. ब्राइटनेस वाढवल्यावर या छटा एकाच पांढऱ्यात मिसळतात आणि मग तो एका क्लिकमध्ये निघतो.

वर्डमध्ये सही घालणे

जिथे सही हवी तिथे कर्सर ठेवून 'इन्सर्ट', मग 'पिक्चर्स' आणि 'धिस डिव्हाइस' या मार्गाने सहीची फाईल निवडावी. सही लहान-मोठी करताना चौकटीचा कोपरा धरून ओढावा. मधल्या बिंदूला धरून ओढले तर सही चपटी किंवा ताणलेली होते. पत्रावर सहीची उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तर ती हाताने केल्यासारखी, योग्य मापाची दिसते.

वर्डमध्ये नव्याने घातलेले चित्र बहुधा 'इन लाइन विथ टेक्स्ट' असते, म्हणजे वर्ड त्याला ओळीतल्या एका मोठ्या अक्षरासारखे वागवते. सही नावाच्या वर स्वतंत्र ओळीत हवी असेल तर हाच पर्याय ठेवावा. सही नावावर किंवा शिक्क्यावर थोडी चढलेली हवी असेल, तर 'रॅप टेक्स्ट'मधून 'बिहाइंड टेक्स्ट' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडावे. मग ती माउसने कुठेही सरकवता येते.

अशी मोकळी ठेवलेली सही मजकूर वाढला की जागा सोडते, ही नेहमीची तक्रार असते. मोकळे चित्र कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेले असते. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्रही त्याच्या मागे जाते. निवडलेल्या चित्राजवळ नांगराचे लहान चिन्ह दिसते. ते ज्या परिच्छेदापाशी आहे, त्याला ते चित्र बांधलेले असते. हे चिन्ह ओढून नावाच्या ओळीपाशी आणले, की सही नावाबरोबरच राहते.

यापेक्षा पक्का उपाय म्हणजे तक्ता. पत्राच्या शेवटी एका स्तंभाचा आणि तीन ओळींचा तक्ता घ्यावा. वरच्या ओळीत 'आपला विश्वासू', मधल्या ओळीत सहीची प्रतिमा, खालच्या ओळीत नाव आणि हुद्दा लिहावा आणि तक्त्याच्या रेषा काढून टाकाव्यात. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या हव्या असतील तर तीन स्तंभ घ्यावेत. मजकूर कितीही वाढला तरी सह्या आपापल्या नावावरच राहतात.

सहीचा भाग एकटाच पुढच्या पानावर जाणार नाही, इकडे नीट लक्ष द्यावे. पत्राच्या शेवटच्या दोन-तीन ओळी आणि तक्त्याच्या वरच्या ओळी निवडून 'पॅराग्राफ'च्या चौकटीत 'लाइन अँड पेज ब्रेक्स'खाली 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण करावी. त्यामुळे मजकुराचा शेवट आणि सही एकाच पानावर येतात. ज्या पानावर सही आणि नाव सोडून काहीच नाही, ते पान उचलून दुसऱ्याच पत्राला जोडता येते. प्रत्यक्ष शाईच्या सहीलाही हा धोका असतो, म्हणून जुने कारकून असे पान कधी सोडत नसत.

एकदा साठवून पुन्हा पुन्हा वापरणे

दर वेळी फोल्डर शोधून प्रतिमा आणण्याची गरज नाही. वर्डमध्ये सही, नाव आणि हुद्दा यांचा सगळा भाग एका लहान शब्दाखाली साठवता येतो. सही 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवून, वर 'आपला विश्वासू'पासून खाली हुद्द्यापर्यंतचा भाग निवडावा. मग 'इन्सर्ट' टॅबमधील 'क्विक पार्ट्स'मध्ये 'सेव्ह सिलेक्शन टू क्विक पार्ट गॅलरी' हा पर्याय निवडावा. कीबोर्डवरून ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबली तरी हीच चौकट उघडते. 'गॅलरी'च्या जागी 'ऑटोटेक्स्ट' निवडून 'सचिवसही' असे एखादे नाव द्यावे.

यापुढे कोणत्याही पत्रात ते नाव टाइप करून एफ३ दाबले, की सगळा भाग जसाच्या तसा येतो. वर्ड बंद करताना बिल्डिंग ब्लॉक्समधील किंवा टेम्प्लेटमधील बदल सेव्ह करायचे का, असे विचारले गेले तर होकार द्यावा, नाहीतर ही नोंद राहत नाही.

एकाच मजकुराची अनेक पत्रे किंवा प्रमाणपत्रे काढायची असतील तर मेल मर्ज वापरावे. सही मुख्य फाईलमध्ये एकदाच घालायची. नावांची यादी एक्सेलमधून येते आणि प्रत्येक प्रतीवर सही आपोआप येते. प्रत्येक पानाखाली लघुस्वाक्षरी हवी असेल तर तिची प्रतिमा फूटरमध्ये ठेवावी.

इथे एक सावधगिरी हवी. ऑटोटेक्स्टमधील सही त्या संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या खात्यात साठते. संस्थेच्या कार्यालयात किंवा शाळेत एकच संगणक सगळे जण एकाच खात्यातून वापरत असतील, तर ही सही त्या सगळ्यांच्याच हाताशी येते. अशा ठिकाणी ऑटोटेक्स्ट टाळावे. सहीची प्रतिमा पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या पासवर्डने उघडणाऱ्या खात्यात ठेवावी.

लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्स

लिब्रेऑफिस रायटर हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना 'इन्सर्ट' आणि 'इमेज' या मार्गाने सही घालता येते. 'टूल्स'मधील 'ऑटोटेक्स्ट' किंवा कंट्रोल आणि एफ३ या बटणांनी ती साठवता येते. मात्र त्यासाठी प्रतिमेचे अँकर 'ॲज कॅरॅक्टर' असावे लागते आणि प्रतिमेच्या आधी व नंतर निदान एकेक अक्षर असावे लागते. 'आपला विश्वासू' आणि नाव यांच्यामध्ये सही ठेवली, की ही अट आपोआप पूर्ण होते.

गुगल डॉक्समध्ये 'इन्सर्ट', 'इमेज' आणि 'अपलोड फ्रॉम कॉम्प्युटर' असा मार्ग आहे. प्रतिमा नसेल तर 'इन्सर्ट'मधील 'ड्रॉइंग'मध्ये नवे चित्र उघडून, रेघेच्या पर्यायांतील 'स्क्रिबल' निवडून माउसने किंवा टचपॅडवर बोटाने सही काढता येते. मात्र माउसने काढलेली सही क्वचितच मूळ सहीसारखी येते.

गुगल डॉक्सची फाईल दुसऱ्याला दिली असेल तर सही नंतर पुसून भागत नाही. ज्यांना फाईल दुरुस्त करण्याची परवानगी आहे, त्यांना 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये सही असलेली जुनी प्रत दिसते. ज्यांना फक्त पाहण्याची परवानगी आहे, तेही फाईल डाउनलोड करू शकतात. शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी यांची परवानगी वेगळी बंद करावी लागते.

नेहमीच्या अडचणी

*सहीची फक्त एक पट्टी दिसते.* परिच्छेदातील ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' असे ठरवलेले असले, तर ओळीतले चित्र त्या उंचीपुरतेच दिसते. अंतर 'सिंगल' किंवा 'ॲट लीस्ट' केले, की पूर्ण सही दिसते.

*सहीच्या जागी रिकामी चौकट दिसते.* वर्डच्या 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' भागात 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स'वर खूण असेल तर ती काढावी.

*सही पडद्यावर दिसते, पण छापली जात नाही.* 'ऑप्शन्स'मधील 'डिस्प्ले' भागात 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड'वर खूण आहे का, ते पाहावे.

*सही पुसट होत गेली आहे.* फाईलचा आकार आटोक्यात ठेवण्यासाठी वर्ड प्रतिमा लहान करू शकते. 'ॲडव्हान्स्ड'मधील 'इमेज साइज अँड क्वालिटी'खाली 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल'वर खूण करून मूळ प्रतिमा पुन्हा घालावी.

फाईल पाठवण्याआधी

सहीची वर्ड फाईल जशीच्या तशी पाठवणे म्हणजे सहीची स्वच्छ, पारदर्शक प्रतिमा समोरच्याच्या हाती देणे होय. चित्रावर राइट क्लिक करून ते साठवता येते. तो मार्ग बंद केला तरी दुसरा असतोच. डॉकएक्स स्वरूपाची वर्ड फाईल ही खरे तर एक झिप फाईल असते. तिच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' केला, की आत 'वर्ड' नावाचे फोल्डर आणि त्यात 'मीडिया' नावाचे फोल्डर सापडते. फाईलमधील चित्रे तिथे सुटी पडलेली असतात. 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'ने मजकुरात बदल करणे अडवता येते, पण ही चित्रे लपत नाहीत.

वर्डमध्ये कापलेल्या प्रतिमेचा धोका याहून मोठा आहे. वर्डमधील 'क्रॉप'ने कापलेला भाग फक्त दिसेनासा होतो, फाईलमध्ये तो तसाच राहतो. समजा, कोणी चेकचा किंवा पॅन कार्डाचा फोटो वर्डमध्ये घेतला आणि त्यातील सहीपुरता भाग कापून ठेवला. फाईल मिळालेली व्यक्ती त्या चित्रावर क्लिक करून 'क्रॉप'च्या कडा बाहेर ओढते, आणि खाते क्रमांकासह सगळा चेक समोर येतो. म्हणून सही वर्डमध्ये नेण्याआधीच कापावी. वर्डमध्येच कापली असेल तर 'पिक्चर फॉरमॅट'मधील 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडून 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'वर खूण करावी.

फाईल बाहेर देताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

- वर्ड फाईलऐवजी पीडीएफ पाठवावी. पीडीएफमधूनही प्रतिमा काढता येते, पण मजकूर सहजासहजी बदलता येत नाही आणि सही हाती लागायला थोडे अधिक कष्ट पडतात.
- महत्त्वाचे पत्र असेल तर छापून त्याचा पुन्हा स्कॅन घ्यावा किंवा पान प्रतिमेच्या स्वरूपात पीडीएफ करावे. मग सही मजकुराशी एकजीव होते.
- सही नाव, तारीख किंवा शिक्का यांवर थोडी चढलेली ठेवावी. ती कोणी कापून घेतली तर त्याबरोबर इतर अक्षरांचे तुकडेही येतात.
- पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख घालावी आणि त्याची नोंद जावक नोंदवहीत करावी.

यातील शेवटची सवय सर्वांत जुनी आणि सर्वांत उपयोगी आहे. समजा, सभेची सूचना वर्ड फाईल म्हणूनच सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली आणि काही महिन्यांनी सचिवाच्या सहीचे एक ना हरकत प्रमाणपत्र कुठेतरी सादर झाले. सही हुबेहूब त्याचीच असणार, कारण ती त्याचीच प्रतिमा आहे. सही पाहून खरे-खोटे ठरवता येणार नाही. पण त्या प्रमाणपत्राचा जावक क्रमांक नोंदवहीत नसेल, तर ते संस्थेने दिलेले नाही, हे दाखवायला निदान एक कागद हाताशी राहतो.

सही वापरण्याचे काम दुसऱ्याकडे, उदाहरणार्थ लिपिकाकडे सोपवायचे असेल, तर ती कोणत्या प्रकारच्या पत्रांवर घालायची हे लेखी द्यावे आणि प्रत्येक पत्राची प्रत ठेवावी.

कायद्यात या सहीचे स्थान

भारतात इलेक्ट्रॉनिक सहीचा विषय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये येतो. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार, जिथे कायद्याने सही मागितली आहे तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते. या ठरवून दिलेल्या पद्धतींत स्कॅन केलेल्या सहीचे चित्र बसत नाही. प्रचारात असलेल्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे परवानाप्राप्त प्रमाणन संस्थेने दिलेले डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र, जे बहुतेक वेळा यूएसबी टोकनवर मिळते. दुसरी म्हणजे आधारवर आधारित ई-साइन, जिचे नियम २०१५ मध्ये आले.

डिजिटल स्वाक्षरी करताना संपूर्ण फाईलवरून गणिताने एक लहान संकेत काढला जातो आणि तो सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बंद केला जातो. फाईलमधील एक अक्षर किंवा एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी नवा संकेत जुन्याशी जुळत नाही आणि सही अवैध दाखवली जाते. म्हणजे ही सही फक्त त्या एका फाईलची असते. उचलून दुसऱ्या फाईलवर चिकटवता येत नाही. सहीच्या चित्रात असे काहीच नसते. वर्डमध्ये 'इन्सर्ट' टॅबखाली 'सिग्नेचर लाइन' नावाची सोय आहे. ती या डिजिटल स्वाक्षरीसाठी आहे. प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला तिथे सहीची प्रतिमाही दाखवता येते, पण खरी सही त्या प्रतिमेमागे असलेल्या प्रमाणपत्राची असते. सही केल्यानंतर कोणी फाईल बदलली, की ती सही रद्द होते.

महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीत सातबारा हे याचे ओळखीचे उदाहरण आहे. त्यावर तलाठ्याने पेनने केलेली सही नसते, तरी तो ग्राह्य धरला जातो, कारण त्यावरील पडताळणी क्रमांकाने तो अधिकृत संकेतस्थळावर तपासता येतो. याउलट, अशाच दिसणाऱ्या कागदाचा स्क्रीनशॉट कितीही स्पष्ट असला तरी तो सही तपासल्याचा पुरावा ठरत नाही.

याचा अर्थ सहीचे चित्र असलेला कागद नेहमीच निरर्थक असतो, असा नाही. कलम १०अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरत नाही. कोटेशन, खरेदीची ऑर्डर, सभेची सूचना, अभिनंदनपत्र अशा कामांत सहीची प्रतिमा रोज वापरली जाते. मात्र वाद झाला तर संमती त्या व्यक्तीचीच होती, हे ईमेल, पैशांचे व्यवहार, साक्षीदार अशा इतर पुराव्यांनी दाखवावे लागते. नुसते चित्र पुरत नाही.

काही ठिकाणी तर सहीचे चित्र वापरूच नये. मृत्युपत्र आणि ट्रस्टची निर्मिती हे विषय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. भारतीय वारसाहक्क अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार सर्वसामान्य मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. चेक, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र आणि उपनिबंधकासमोर नोंदवायचे दस्त यांवरही स्कॅन केलेली सही चिकटवू नये. बँक, न्यायालय किंवा शासकीय कार्यालय काय स्वीकारते, हे आधी विचारून घेतले तर हेलपाटा वाचतो.

सहीचा गैरवापर झाला तर

दुसऱ्याच्या सहीची प्रतिमा त्याच्या परवानगीशिवाय वापरून खोटा दस्तऐवज तयार करणे हा बनावटीकरणाचा गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३३६ त्याविषयी आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीचे असे अन्य वैशिष्ट्य कपटाने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम इंग्रजी पाठात 'सिक्स्टी-सिक्स सी' म्हणून ओळखले जाते.

गैरवापर लक्षात येताच बनावट कागदाची प्रत मिळवावी, तो जिथे सादर झाला त्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार द्यावी. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. आपण सहीची प्रतिमा कोणाला, कोणत्या फाईलमध्ये आणि केव्हा पाठवली होती, याची यादी तक्रारीबरोबर देता आली तर तपासाला दिशा मिळते.

पासवर्ड चोरीला गेला तर पाच मिनिटांत बदलता येतो. सही बदलायची तर बँक, पॅन, पासपोर्ट, विमा अशा प्रत्येक ठिकाणी ती नव्याने नोंदवावी लागते.

थोडक्यात

- सही पांढऱ्या कागदावर, गडद शाईने करावी; प्रतिमा सुमारे ६०० पिक्सेल रुंद आणि पीएनजी स्वरूपात ठेवावी.
- सही वर्डमध्ये नेण्याआधीच कापावी.
- पत्राच्या शेवटी बिनरेषांच्या तक्त्यात सही ठेवली तर ती हलत नाही.
- रोजच्या वापरासाठी ऑटोटेक्स्टमध्ये साठवावी. सामाईक संगणकावर साठवू नये.
- वर्ड फाईल बाहेर देऊ नये. पीडीएफ द्यावी आणि जावक नोंद ठेवावी.
- कायद्याने सही मागितली असेल तिथे कागदावरची सही, डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र किंवा ई-साइन वापरावे.